लाव्हाच्या काठावरचे प्रवासी

ज्वालामुखीचा धडा शिकवताना आपण फळ्यावर एक शंकू काढतो. वर मुख, मुखातून धूर, उतारावरून ओघळणारा तांबडा लाव्हा. शेजारी नावे लिहितो : फुजियामा, व्हेसुव्हियस, क्राकाटोआ. मग एखादे पोर हमखास विचारते, "गुरुजी, आपल्याकडे ज्वालामुखी का नाही?" आपण सांगतो की भारतात एक जागृत ज्वालामुखी आहे, पण तो दूर अंदमानात, बॅरन बेटावर. उत्तर चूक नाही. मात्र मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत ज्या शाळेत हे प्रश्नोत्तर चालते, तिच्या पायात काळा दगड घातलेला असतो, आणि हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हाच असतो.

ज्वालामुखीचा ओसाड प्रदेश पाहायचा म्हणून आज लोक आइसलँडला जातात, हवाई बेटांवर जातात. महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के भूभागावर असाच प्रदेश पसरला आहे. तो आता ज्वारी, कापूस आणि तुरीने झाकला गेला आहे, एवढाच फरक. हा प्रदेश मुळात आगीतून आला हे कोणी व कसे ओळखले, त्याची गोष्ट जुन्या प्रवाशांची आहे. तापाने फणफणलेल्या, पालखीतून वाहून न्याव्या लागलेल्या, बहुतेक वेळा पायी चालणाऱ्या माणसांची ती गोष्ट आहे. आणि तिच्यातला एक महत्त्वाचा धागा नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाजवळून, बिलोलीच्या परिसरातून जातो.

बिलोलीच्या वाटेवर

नांदेडहून बिलोलीला जायचे तर नायगाव आणि नरसी ओलांडून पूर्वेकडे वळावे लागते. नांदेडपासून बऱ्याच अंतरापर्यंत जमीन ओळखीची असते. काळी माती, उन्हाळ्यात तिच्यात पडलेल्या हातभर भेगा, माथा सपाट असलेल्या टेकड्या, ओढ्याच्या काठावर उघडा पडलेला काळा कातळ. पुढे बिलोली आणि देगलूरच्या भागात शिरलो की चित्र हळूहळू बदलते. अधूनमधून जमीन लालसर, वाळूसर होते. सपाट माथ्याच्या टेकड्यांऐवजी गोलसर धोंड्यांचे ढीग दिसू लागतात. दगड काळा राहत नाही. तो करडा, कधी गुलाबी असतो, आणि त्यात निरनिराळ्या रंगांचे मोठे कण साध्या डोळ्यांना दिसतात. हा ग्रॅनाइट आणि त्याच्या जातीचा पट्टेदार नाइस.

हा बदल एखाद्या रेषेवर होत नाही. काळ्या दगडाचे पातळ तुकडे ग्रॅनाइटवर कुठे शिल्लक आहेत, कुठे झिजून गेले आहेत. समुद्राचा किनारा जसा आतबाहेर वळलेला असतो तशीच ही हद्द आहे. कारण हाही एक किनाराच आहे. पश्चिमेकडून आलेल्या लाव्हाच्या थरांची ही पूर्वेकडची कड. इथून पश्चिमेला गेले की थर जाड होत जातात. कोयनेच्या परिसरात घेतलेल्या एका खोल छिद्रात काळ्या दगडाचा तळ १,२४७ मीटरवर लागला. बिलोलीकडे मात्र हा तळ पायाखालीच उघडा आहे.

ग्रॅनाइटचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरातले. त्याच्यावरचा काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. बिलोली-देगलूर भागात एक माणूस सकाळी निघून दुपारपर्यंत एका दगडावरून दुसऱ्यावर चालत जाऊ शकतो. त्या चालीत तो जवळजवळ अडीचशे कोटी वर्षे ओलांडतो. इतक्या सहज ही दोन पाने एकत्र वाचायला मिळतील अशा जागा महाराष्ट्रात थोड्या आहेत.

पाण्यातून की आगीतून?

आज आपण 'बेसॉल्ट हा अग्निजन्य खडक' असे एका ओळीत सांगून मोकळे होतो. अठराव्या शतकाच्या शेवटी यावर युरोपात मोठे भांडण होते. जर्मनीतील फ्रायबर्गच्या खाण-विद्यालयात शिकवणारा आब्राहाम वेर्नर हा त्या काळचा मोठा गुरू. त्याचे मत असे की बेसॉल्टसुद्धा आदिम महासागराच्या पाण्यातून साचलेला आहे. हे मत वेडगळ नव्हते. बेसॉल्टचे थर आडवे असतात, एकावर एक रचलेले असतात, आणि वाळूच्या किंवा चिखलाच्या थरांसारखेच दिसतात. शिवाय ज्या जर्मन टेकड्यांवर तो बेसॉल्ट पाहत होता तिथे जवळपास ज्वालामुखीचे मुख नव्हते.

फ्रान्समध्ये निकोला देमारे नावाचा सरकारी अधिकारी १७६३ साली ओव्हेर्न्य या डोंगराळ भागात फिरत होता. तिथे त्याने बेसॉल्टचे खांब पाहिले आणि त्यांचा माग काढत तो वर चढत गेला. तो थर एका विझलेल्या ज्वालामुखीपाशी जाऊन पोहोचला. म्हणजे हा दगड लाव्हाचा होता. पुढे याबद्दल वाद घालायला कोणी आले की देमारे म्हातारपणीही फक्त एवढेच म्हणे, जाऊन बघा; अशी आख्यायिका आहे.

दख्खनचा काळा दगड या भांडणातला सर्वांत मोठा पुरावा ठरू शकत होता, कारण एवढा प्रचंड विस्तार युरोपात कुठे नव्हता. पण त्यासाठी कोणीतरी जाऊन बघायला हवे होते.

मोजणीच्या तांड्यातला डॉक्टर

१८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टनने भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. उंच टेकड्यांवर खुणा उभारायच्या, त्यांच्यातील कोन मोजायचे, आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचे. या साखळीचा मणका ७७ अंश ४० मिनिटे रेखांशाच्या आसपास होता. बिदरजवळचे दामरगिद्दा हे त्यावरचे एक मुख्य ठाणे, आणि वऱ्हाडात अचलपूरजवळचे टाकळखेडा हे पुढचे. नकाशावर या दोन ठाण्यांना जोडणारी रेषा ओढा. बिलोलीचा रेखांश ७७ अंश ४४ मिनिटांच्या जवळपास आहे. रेषा अगदी बिलोलीच्या शेजारून जाते. या त्रिकोणांच्या बाजू कित्येक मैल लांब असत, म्हणजे साखळी गेली ती याच पट्ट्यातून. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता.

१८१८ साली या तांड्यात दोन नवे लोक आले. एक होता जॉर्ज एव्हरेस्ट, ज्याचे नाव पुढे जगातल्या सर्वांत उंच शिखराला दिले गेले. दुसरा हेन्री वेस्टली व्हॉयसी. तो तांड्याचा डॉक्टर, आणि त्याचबरोबर भूवैज्ञानिक म्हणूनही त्याची नेमणूक झालेली होती. भारतात भूविज्ञानाच्या कामासाठी सरकारी नेमणूक झालेल्या पहिल्या माणसांत त्याची गणना होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था उभी राहिली ती १८५१ साली, म्हणजे याच्या तीसहून अधिक वर्षांनंतर.

व्हॉयसीचे काम कसे चालत असेल याची कल्पना करता येते. मोजणीचा तांडा टेकडीवर मुक्काम करी. टेकडीचा माथा मोजणीला लागत असे, आणि टेकडीच्या उतारावर दगडांचे थर उघडे असत. म्हणजे मोजणीसाठी जी जागा सोयीची तीच भूवैज्ञानिकालाही सोयीची. हैदराबादच्या परिसरातील ग्रॅनाइट, बिदरचा जांभा, उत्तरेकडचा काळा दगड असा सगळा क्रम त्याच्या वाटेवर होता. हैदराबाद राज्याच्या भूरचनेवर त्याने अहवाल लिहिले. भारतातील एखाद्या प्रदेशाचा पहिला भूशास्त्रीय नकाशा त्याने केला असे मानले जाते.

पण हा प्रवास सुखाचा नव्हता. १८१९ साली कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधल्या जंगलात एव्हरेस्ट आणि व्हॉयसी यांची तुकडी हिवतापाने अक्षरशः आडवी झाली. दोघे साहेबही त्यात सापडले. आजाऱ्यांना पालख्यांतून, मिळेल त्या साधनाने हैदराबादला परत आणावे लागले, आणि तांड्यातील काही जण वाटेतच मेले. एव्हरेस्टला प्रकृती सुधारण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत जावे लागले. लॅम्ब्टन १८२३च्या जानेवारीत हिंगणघाटला मुक्कामावरच वारला. व्हॉयसीने त्याच वर्षी एप्रिलमध्ये गाविलगडच्या डोंगरात काळ्या दगडाच्या सान्निध्यात दगड झालेले शंख शोधले. वर्षभराने, १८२४च्या एप्रिलमध्ये, कलकत्त्याकडे जाताना तोही वारला. त्याचे बरेचसे लिखाण मृत्यूनंतर, १८३३च्या सुमारास छापले गेले.

इथे एक गोष्ट शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावी. लॅम्ब्टन, एव्हरेस्ट, व्हॉयसी ही नावे आपल्याला माहीत आहेत, कारण ती कागदावर राहिली. निशाण घेऊन टेकडीवर उभे राहणारे खलाशी, पालखी उचलणारे भोई, वाट दाखवणारे गावकरी, झाडी तोडणारे मजूर यांची नावे राहिली नाहीत. ताप मात्र सर्वांना सारखाच आला. आपल्या प्रदेशाच्या नकाशात त्यांच्याही जिवाचे मोल आहे.

निर्मळच्या डोंगरातले शंख

बिलोलीच्या ईशान्येला, गोदावरीपलीकडे, सरळ रेषेत सुमारे ७५ किलोमीटरवर निर्मळ आहे. आज ते तेलंगणात मोडते. हैदराबादहून नागपूरला जाणारी जुनी वाट निर्मळच्या डोंगरातून चढत होती. या डोंगराच्या पायथ्याला ग्रॅनाइट आणि वर काळा दगड, म्हणजे बिलोलीकडच्या किनाऱ्याचाच हा पुढचा भाग.

या वाटेने जॉन ग्रँट माल्कमसन नावाचा मद्रास फौजेतील एक डॉक्टर गेला. बेरीबेरी या रोगावर त्याने १८३५ साली निबंध प्रसिद्ध केला होता. दगडांचा त्याला छंद होता, आणि पुढे चार्ल्स डार्विनशीही त्याचा पत्रव्यवहार होता. निर्मळच्या डोंगरात त्याला काळ्या दगडाच्या थरांमध्ये एक वेगळाच कठीण थर सापडला. त्यात गोगलगायींचे शंख होते, शिंपले होते, आणि पाणवनस्पतींच्या बारीक बिया होत्या. काही ठिकाणी हा थर काळ्या दगडात गुरफटून गेलेला दिसत होता.

माल्कमसनने ही सगळी हकीकत १८३७ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे मांडली. जीवाश्मांना नावे देण्याचे काम सोवर्बी या तज्ज्ञाने केले. एका शंखाला कलकत्त्याच्या जेम्स प्रिन्सेपचे नाव देऊन 'फायसा प्रिन्सेपी' म्हटले गेले. ब्राह्मी लिपी वाचणारा प्रिन्सेप तो हाच. दख्खनच्या लाव्हाविषयीच्या पुस्तकांत हा शंख आजही भेटतो.

या शंखांचे महत्त्व काय? फायसा ही गोड्या पाण्यातली गोगलगाय. महासागरात ती राहत नाही. म्हणजे काळा दगड आदिम महासागराच्या तळाशी साचला असता तर त्याच्या थरांमध्ये तळ्यातली गोगलगाय सापडली नसती. अर्थ असा निघतो की इथे कोरडी जमीन होती. एक लाव्हा आला, थिजला. मग बराच काळ शांततेत गेला. खोलगट जागी पावसाचे पाणी साचून तळी झाली, त्यांत शेवाळे, गोगलगायी, मासे आले. काठावर झाडे वाढली. पुन्हा लाव्हा आला आणि तळे त्याखाली गाडले गेले. लाव्हाच्या दोन थरांमधल्या अशा थरांना आंतरट्रॅप थर म्हणतात. पुढे नागपूरच्या परिसरात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी अशा थरांतून वनस्पती, कीटक आणि शंख यांचा मोठा संग्रह केला. हिस्लॉप १८६३च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून मरण पावला. माल्कमसन त्याआधीच, १८४४ साली धुळ्याला तापाने गेला होता.

विहीर खोदणाऱ्या आपल्या माणसांना यातले काही वेगळ्या रूपात माहीत असते. मुरूम, मग कठीण कातळ, मग अचानक एक तांबडा मऊ पट्टा, मग पुन्हा कातळ. हा तांबडा पट्टा म्हणजे अनेकदा जुन्या लाव्हावर तयार झालेली माती असते, जी पुढच्या लाव्हाखाली सापडली. तळ्यातल्या गोगलगायी आणि विहिरीतला तांबडा पट्टा, दोघे एकच साक्ष देतात. लाव्हा एकदम आला नाही. तो थांबत थांबत, पुन्हा पुन्हा आला.

मुख सापडेना

आता एक अडचण उरली. लाव्हा म्हटला की मुख हवे. मुंबई सरकारच्या नोकरीत असलेल्या विल्यम साइक्सने पुणे-अहमदनगर भागात वर्षानुवर्षे फिरून काळ्या दगडाचे वर्णन १८३३ साली मांडले. आडवे, सपाट, मैलोगणती पसरलेले थर त्याने नोंदले. शंकूसारखा पर्वत मात्र कोणालाच दिसत नव्हता. या पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरांना 'ट्रॅप' म्हणत ते यामुळेच. स्वीडिश भाषेत 'ट्राप्पा' म्हणजे जिना.

उत्तर मिळाले ते दुसऱ्या एका दुर्गम प्रदेशातून. ८ जून १७८३ रोजी आइसलँडच्या दक्षिण भागात, लाकी नावाच्या डोंगराजवळ जमीन सुमारे २७ किलोमीटर लांब फाटली. एका शंकूतून नव्हे, तर या भेगेवरच्या शंभराहून अधिक तोंडांतून लाव्हा उसळला आणि आठ महिने वाहत राहिला. सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा बाहेर पडला. पण माणसे मेली ती मुख्यतः वायूंमुळे. फ्लोरिनयुक्त वायूंनी गवत विषारी झाले, गुरे मेली, दुष्काळ पडला, आणि देशातील जवळजवळ पाचवा हिस्सा लोक दगावले. योन स्टेनग्रिम्सन नावाच्या पाद्र्याने हे सर्व डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले.

भेगेतून लाव्हा येऊ शकतो हे तिथे दिसले होते. जर्मन भूवैज्ञानिक रिश्तहोफेनने अमेरिकेच्या पश्चिमेकडील विस्तीर्ण लाव्हाप्रदेश भेगांतूनच आले असावेत असे मांडले. स्कॉटलंडचा आर्चिबाल्ड गीकी १८७९ साली अमेरिकेत स्नेक नदीच्या लाव्हामैदानावरून घोड्याने गेला. सपाट लाव्हाचा तो ओसाड पसारा पाहिल्यावर त्याला रिश्तहोफेनचे म्हणणे पटले. इकडे भारतीय सर्वेक्षणातील विल्यम ब्लॅनफर्डने १८६७ साली दख्खनच्या लाव्हावर सविस्तर ग्रंथ लिहिला. नर्मदा-तापीच्या भागात काळ्या दगडाच्या उभ्या भिंती जमिनीत घुसलेल्या दिसतात. भेगांमध्येच थिजून राहिलेला हा लाव्हा. आपण ज्याला मुख म्हणून शोधत होतो ते शंकूच्या माथ्यावर नव्हतेच. ते जमिनीतल्या चिरांमध्ये होते.

लाकीचा १५ घन किलोमीटर लाव्हा आपल्याला प्रचंड वाटतो. दख्खनमधील मोठ्या उद्रेकांत एकेका वेळी एक हजार घन किलोमीटरहून अधिक लाव्हा आला असावा असा अंदाज आहे. गोदावरीच्या मुखाजवळ राजमहेंद्रीला याच रसायनाचा लाव्हा सापडतो. तो प्राचीन नदीखोऱ्यांतून सुमारे हजार किलोमीटर वाहत गेला असावा, असे अनेक भूवैज्ञानिकांचे मत आहे. आजच्या मोजणीनुसार हे उद्रेक मुख्यतः सात-आठ लाख वर्षांच्या काळात झाले, आणि त्याच काळात डायनोसॉर नाहीसे झाले. लाव्हाचे वायू किती जबाबदार आणि अवकाशातून आदळलेला अशनी किती, यावर अजूनही वाद चालू आहे.

किल्लारीखालचा ग्रॅनाइट

या जुन्या प्रवाशांचे काम आपल्या आयुष्याशी कसे जोडले गेले ते ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे समजले. गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर लोक गाढ झोपेत असताना किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूभाग, इथे मोठा भूकंप होणार नाही, अशी तोवर अनेकांची समजूत होती.

भूकंपाचे कारण शोधताना शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. वरचे ३३८ मीटर काळा दगड निघाला. त्याखाली ८ मीटर गाळाचा थर, लाव्हा येण्याआधीच्या जमिनीचा. आणि त्याच्याखाली ग्रॅनाइट-नाइस. बिलोली-देगलूरच्या माळावर ज्या जातीचे खडक गुरे चरताना पायाला लागतात, त्याच जातीचे किल्लारीला ३४६ मीटर खाली लपलेले होते. दोन्ही ठिकाणांत सरळ अंतर दीडशे किलोमीटरच्या आत आहे.

किल्लारीचा भूकंप या खालच्या, जुन्या खडकातील भेग सरकल्याने झाला. भारताची भूमी उत्तरेकडे सरकत हिमालयाशी रेटत असते. तो रेटा जुन्या खडकातल्या कमकुवत जागांवर साचतो. वरचा लाव्हा एखाद्या जाड चादरीसारखा या जागा झाकून ठेवतो, म्हणून वरून पाहून त्या कळत नाहीत. चादरीच्या काठाशी गेले तर खाली काय आहे ते दिसते. व्हॉयसी आणि माल्कमसन यांनी पायी फिरून जे नोंदले, त्याचा अर्थ किल्लारीनंतर आपल्याला नव्याने लागला.

भूकंपाचा विषय निघाला की मुले विचारतात, "मग खालचा ज्वालामुखी पुन्हा जागा होईल का?" याचे उत्तर नि:शंकपणे देता येते. नाही. खाली वितळलेला लाव्हा शिल्लक नाही. ज्या उष्ण स्रोतावरून जाताना दख्खनवर लाव्हा आला तो स्रोत आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. तिथला ज्वालामुखी जागृत आहे. आपली भूमी तिथून चार हजारांहून अधिक किलोमीटर पुढे सरकून आली आहे. आपल्याकडे ज्वालामुखी का नाही, या पहिल्या प्रश्नाचेही खरे उत्तर हेच.

एका दिवसाची सहल

नांदेड-लातूर भागातील शाळेला बिलोली-देगलूरची सहल अवघड नाही. बिलोलीची जुनी मशीद पाहायला लोक जातातच. त्याच फेरीत दगड पाहावेत. फार साहित्य लागत नाही : एक भिंग, एक लोहचुंबक, काचेचा तुकडा, चार-सहा कागदी पिशव्या आणि एक वही.

नांदेडजवळून काळ्या दगडाचा एक तुकडा घ्यावा, बिलोलीकडच्या टेकडीवरून ग्रॅनाइटचा. भिंगातून दोन्ही पाहावेत. काळ्या दगडाचे कण इतके बारीक की वेगळे दिसत नाहीत, कारण लाव्हा उघड्यावर लवकर थिजला. ग्रॅनाइटचे कण टपोरे, कारण तो जमिनीखाली खोलवर, अगदी सावकाश थिजला. काळ्या दगडाचा चुरा करून त्यावर चुंबक फिरवला की लोहयुक्त कण चिकटतात.

मग मांजरेवर जावे. ही नदी स्वतःच एक प्रवासी आहे. ती बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात, काळ्या दगडात उगम पावते. लातूरच्या कडेने, बिदरवरून तेलंगणात ग्रॅनाइटच्या प्रदेशात शिरते, उत्तरेकडे वळते, आणि बिलोली तालुक्याच्या सीमेवरून वाहत पुढे गोदावरीला मिळते. सगरोळी, येसगी या बाजूच्या घाटांवरची तिची लालसर रेती बांधकामासाठी दूरवर जाते. ती एवढी चांगली का, हे भिंगातून कळते. तिच्यात ग्रॅनाइटमधून सुटलेले क्वार्ट्‌झचे पारदर्शक कण भरपूर असतात. ते काचेवर घासले तर ओरखडा उमटतो. निव्वळ काळ्या दगडातून वाहणाऱ्या ओढ्याची रेती शेजारी ठेवून पाहा. तिच्यात काळपट कण जास्त, आणि अधूनमधून काळ्या दगडाच्या पोकळीतून निसटलेली एखादी गारगोटी. मांजरेची रेती इतकी उपसली जाते की काही ठिकाणी पात्रात खड्डेच उरले आहेत. मुलांनी तेही पाहावे आणि वहीत लिहावे.

शेवटी गावातल्या विहीर खोदणाऱ्याला किंवा पाथरवटाला भेटावे. कोणत्या गावापर्यंत काळा दगड लागतो, कुठून धोंडा सुरू होतो, तांबडा पट्टा किती हातांवर लागला, हे मुलांनी त्यांना विचारावे. मिळालेली माहिती तालुक्याच्या नकाशावर रंगीत खडूने भरावी. एकाच वर्षी सगळे होणार नाही. दरवर्षीच्या वर्गाने चार गावे भरली तरी काही वर्षांत लाव्हाच्या काठाचा नकाशा शाळेच्या भिंतीवर तयार होईल. त्यावर विहीर खोदणाऱ्यांची आणि माहिती आणणाऱ्या मुलांची नावे जरूर लिहावीत. दोनशे वर्षांपूर्वीच्या तांड्यात ती लिहायची राहून गेली होती.